मिठागरातली बेरीज

म्हात्रे सरांची आणि माझी ओळख एका सेफ्टी पिनेवरून झाली. शाळेतला माझा पहिलाच दिवस होता. पदराची पिन निसटून स्टाफरूमच्या फरशीवर पडली आणि समोरच्या खुर्चीतल्या किडकिडीत, सावळ्या गृहस्थांनी ती उचलली. परत देतील म्हणून मी हात पुढे केला, तर ते ती खिडकीपाशी उजेडात घेऊन गेले. उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "बाई, ही कुणी केली?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलीय," मी म्हटलं.

"आणली तुम्ही. केली कुणी?"

"कंपनीने केली असेल."

"बरं, असं समजा की कंपनी नाही, दुकान नाही. तुम्ही आणि हा सगळा समुद्रकिनारा. तुम्हाला एकटीला करता येईल?"

घंटा झालेली, मी एका हाताने पदर धरून उभी, आणि हा माणूस मला निर्मनुष्य किनाऱ्यावर नेऊन सोडतोय. मी म्हटलं, "नाही येणार." तेव्हा कुठे त्यांनी पिन माझ्या तळहातावर ठेवली. "मलाही नाही येणार," ते म्हणाले, "तार ओढायची कशी, तिथेच अडतं." त्यांच्या आवाजात इतकं खरं दुःख होतं की राग धरायचा मी विसरूनच गेले.

उरणच्या बसमध्ये 'म्हात्रे' अशी हाक मारली तर अर्धी बस वळून बघते. आमच्या शाळेतही म्हात्रे बरेच होते, म्हणून हे 'कॉम्प्युटरवाले म्हात्रे'. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायचे, गच्चीवर टॉवेल राहून गेल्यासारखं. गावाच्या टोकाला, मिठागराला लागून त्यांचं घर होतं. घरात ते आणि त्यांची आई. म्हातारीला सगळा गाव बाय म्हणायचा, सर तेवढे आये म्हणायचे. बायने सारी हयात मिठागरात काढली होती. तिच्या पायांच्या टाचा पाहिल्या तरी ते कळायचं.

सरांचा कॉम्प्युटरचा तास म्हणजे एक अजब प्रकार. मुलांना माउस धरायला शिकवायच्या आधी ते माउस उघडून दाखवायचे. "पडद्यावर दिसतं ती आंब्याची साल," ते म्हणायचे, "आंबा आत आहे." एकदा खडूचा विषय निघाला आणि आख्खा तास खडूवरच गेला. चुनखडी कुठली, ती भाजायची कशावर, ते लाकूड तोडायचं कशाने. मुख्याध्यापकांनी बोलावून समज दिली, "सर, अभ्यासक्रम जरा पुढे न्या." सर शांतपणे म्हणाले, "पुढे सगळेच नेतात, सर. मागे कुणीतरी न्यायला हवं." मुख्याध्यापकांनी यावर काही म्हणून उपयोग नव्हता, कारण सर त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उजेडात धरून बघत होते.

एके दिवशी त्यांनी नववीला सांगितलं की कॉम्प्युटरचा मेंदू वाळूपासून बनतो. तेच त्यांनी संध्याकाळी चहा पिताना आईला सांगितलं. बाय तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "रेतीचा व्हतं म्हनतंस," ती म्हणाली, "मंग दारान रेती हाय की. कर."

बाय थट्टा करत होती. सरांनी ती थट्टा म्हणून घेतलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी जाहीर केलं, "मी कॉम्प्युटर करणार आहे." कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पार्ट आणून जोडणार?" सर म्हणाले, "जोडणार नाही. करणार. मोठा नको. एकात एक मिळवता आला की पुरे. पण माणसाने केलेली एकही वस्तू वापरायची नाही. झाडाने केलेलं चालेल, समुद्राने केलेलं चालेल." गणिताचे सर डबा बंद करत म्हणाले, "मग आधी तो चष्मा काढून ठेवा." आम्ही सगळे हसलो. सरांनी मात्र खरोखरच चष्मा काढून टेबलावर ठेवला, थोडा वेळ आमच्याकडे अंधुक नजरेने पाहिलं आणि पुन्हा घातला. "चष्म्याला सूट," ते म्हणाले, "आणि बाई इथे आहेत म्हणून कपड्यांना."

मी मूळची चौलची. आमची तिथे नारळी-पोफळीची वाडी आहे. सरांना हे कळलं आणि मी त्यांच्या कारखान्याची पुरवठादार झाले. आमच्या बाजूच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर वाळूवर काळा थर येतो, तो त्यांना हवा होता. त्यात लोखंड असतं म्हणे. मी घरून येताना मोठ्या कौतुकाने पिशवीभर काळी वाळू आणली. सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "पिशवी प्लॅस्टिकची आहे, बाई." मी म्हटलं, "मग काय पदरात बांधून आणू?" ते विचारात पडले. म्हणाले, "पदर तरी कुणी विणला?" शेवटी वाळू पोफळीच्या विरीत ओतली तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. विरी, म्हणजे पोफळीच्या झावळीचं रुंद बूड, झाडाने केलेली होती.

त्या रविवारी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. मिठागर मी बसमधून पाहिलं होतं, पण त्याच्या बांधावर उभं राहिलं की डोळ्यांना वेगळंच काही होतं. चौकोनी कोंड्यांत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांत, पाणी उभं असतं आणि त्यात आभाळ उतरलेलं असतं. कुठे बांध संपतो आणि कुठे ढग सुरू होतो ते कळत नाही. लांब बंदरावरच्या क्रेन धुक्यात अर्ध्या विरघळलेल्या दिसतात. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधाच्या लाकडी दरवाजातून, आत येतं आणि एका कोंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं सावकाश सरकत घट्ट होत जातं. शेवटच्या कोंडीत ते पाणी राहतच नाही. तिथे बसलं की घड्याळ बघावंसं वाटत नाही. सरांचं बालपण तिथे गेलं होतं. त्यांच्या डोळ्यांत कायम एक लांबवरचं काहीतरी असायचं, ते कुठून आलं याचा मला त्या दिवशी उलगडा झाला.

अंगणात त्यांनी मातीची भट्टी घातली होती. आता भट्टीला भाता हवा. भाता चामड्याचा, चामडं कापायला सुरी हवी आणि सुरी लोखंडाची. "लोखंड करायला लोखंडच लागतंय, बाई," ते हताशपणे म्हणाले, "म्हणजे पहिलं लोखंड कुणी केलं?" मग भात्याच्या ऐवजी बांबूची नळी. नळीसाठी बांबू कापायला कोयता नको, म्हणून दगड फोडून त्याची धार. त्या धारेने एक बांबू तुटायला किती वेळ लागतो ते मी पाहिलं आहे. त्या वेळात आमच्या घरी लग्नाचा स्वयंपाक होतो. मग सर गाल फुगवून त्या नळीतून निखाऱ्यांवर फुंकत बसले. बाय ओटीवरून बघत होती. "फुकून फुकून जाशील," ती म्हणाली, "आन मना मागं कोलसं सोरून जाशील."

शेवटी भट्टीतून एक वेडंवाकडं, काळं, भोकाभोकांचं ढेकूळ निघालं. सरांनी ते दगडावर आपटलं. ते निम्मं फुटलं, निम्मं राहिलं. उरलेलं त्यांनी हातात घेऊन किती तरी वेळ कुरवाळलं. "लोखंड नाही झालं," ते म्हणाले, "पण लोखंड होता होता राहिलंय." बायने ते ढेकूळ सुक्या मासळीच्या टोपलीवर ठेवलं, मांजराने झाकण पाडू नये म्हणून. पुढे कित्येक वर्षं ते तिथेच होतं, आणि सरांच्या सगळ्या धातुकामाचा प्रत्यक्ष उपयोग झाला तो एवढाच.

तांब्याची गोष्ट तर त्याहून थोडक्यात आटोपली. सुट्टीच्या दिवशी सर डोंगर हिंडायला लागले. काळा कातळ, तांबडी माती, जांभा. खिशातून दगड आणायचे आणि फोडून बघायचे. एकदा सोमवारी सकाळी स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि घरात कुणी आजारी असावं तशा आवाजात म्हणाले, "बाई, आपल्या बाजूला तांबंच नाही हो." तांबं नाही म्हणजे तार नाही, तार नाही म्हणजे वीज नाही. मी समजूत घालायला म्हटलं, "अहो, मग तेवढी तार विकत आणा. कोण बघतंय?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने वह्या तपासायला घेतल्या.

हे वेड कशासाठी, हे मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं होतं. बांधावर बसलो होतो. ते म्हणाले, "बाई, मी इतकी वर्षं मुलांना जे शिकवतो ते मला येत नाही. बटन दाबलं की होतं, एवढंच मला येतं. बटनाच्या मागे हजारो माणसं उभी आहेत, त्यांतलं एक काम तरी माझ्या हातून व्हावं असं वाटतं. एक आणि एक. ते दोन झालेले बघायचेत. कुणी विकत न दिलेल्या वस्तूंनी केलेले." मला तेव्हा हसू आलं नाही.

आणि नेमका त्या हातांनीच दगा दिला. आधी खडू थरथरायला लागला. फळ्यावरच्या त्यांच्या रेघा पाण्यातल्या सावलीसारख्या हलायला लागल्या. मग चहाचा कप बशीवर वाजायला लागला आणि आम्ही सगळे तो आवाज ऐकू येत नसल्यासारखं मोठमोठ्याने बोलायला लागलो. पनवेलच्या डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. औषधाने सावकाश होईल, थांबणार नाही. सरांनी मला हे सांगितलं तेही त्यांच्याच पद्धतीने. आपला उजवा हात त्यांनी समोर धरला, सेफ्टी पिन धरली होती तसा उजेडात, आणि त्याच्याकडे बघत राहिले. "हाही कुणी केला कोण जाणे," ते म्हणाले, "दुरुस्त करणारा भेटत नाही." मग थोड्या वेळाने, "बाई, हात आहेत तोवर झालं पाहिजे."

त्या वर्षअखेरीला त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मला वाटलं, आता हे खूळ संपलं. पण महिन्याभराने त्यांच्याकडे गेले तर ते अंगणात नव्हतेच. भट्टी मोडून टाकलेली. सर उघाडीपाशी बांधावर बसून भरतीचं पाणी आत येताना बघत होते. मला पाहून म्हणाले, "वीज नाही तर नाही. भरती आहे की."

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते समजावणं मला अजून शब्द न् शब्द आठवतं. "बाई, नुसतं भांडं भरलं म्हणजे बेरीज होत नाही. बेरीज म्हणजे हातचा. एकाच्या घरात दोन मावत नाहीत, म्हणून ते घर रिकामं करून शेजारच्या घरात जायचं. कॉम्प्युटर दुसरं काही करत नाही. ज्याला हातचा धरता आला, तो कॉम्प्युटर." त्यांनी ओल्या मातीत बोटाने चित्र काढलं. वर एक करवंटी, आडव्या काट्यावर तोललेली. तिच्यात एक माप पाणी पडलं तर ती तशीच राहील. दुसरं माप पडलं की भाराने उलटेल, सगळं पाणी खालच्या मोठ्या करवंटीत ओतेल आणि रिकामी होऊन पुन्हा सरळ होईल. वरची करवंटी एकाची, खालची दोनाची. म्हणजे एक आणि एक घातले की वर काही उरणार नाही आणि खाली दोन सापडतील.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," ते म्हणाले, आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं त्या एवढंचमध्ये गेली.

करवंट्या मीच पुरवल्या. आमच्या वाडीत विहिरीपाशी एक जुना माड आहे, त्याचे नारळ इतरांहून मोठे असतात. दोनाची करवंटी त्याच्या नारळाची. करवंटीला भोक पाडायचं तर निखारा ठेवून नळीने फुंकायचं. काटा शिंदीच्या झाडाचा. दोरी काथ्याची, मांडीवर वळलेली. कड घासायला कालवाचा शिंपला. थरथरत्या हाताने एक कड घासायची म्हणजे किती तरी वेळ शिंपला करवंटीपर्यंत पोचायचाच नाही, वाटेतच हवेत फिरत राहायचा. सर चिडायचे नाहीत. हात जरा थांबेपर्यंत समोरच्या पाण्याकडे बघत बसायचे आणि पुन्हा घासायला घ्यायचे. करवंटी कधी एका मापालाच उलटायची, कधी तीन मापं घातली तरी ढिम्म. "उलटायचं केव्हा आणि धीर धरायचा केव्हा," ते म्हणायचे, "हे नववीच्या वर्गाला शिकवणं सोपं होतं."

एका रविवारी मात्र निरोप आला: जमलंय, या. मी गेले. सरांनी नवं धोतर नेसलं होतं, सणाला नेसतात तसं. त्यांनी शेवटच्या कोंडीतलं घट्ट झालेलं पाणी घेतलं होतं, कारण ते जड. जड पाणी करवंटी खात्रीने उलटवेल हा त्यांचा हिशेब. पहिलं माप पडलं, करवंटी हलली आणि स्थिर राहिली. तेवढ्यात बायने हाक मारली. जवळा आणि तांदळाच्या भाकऱ्या तयार होत्या आणि गरम भाकरीला थांबवणं त्या घरात पाप होतं. आम्ही जेवलो. सर म्हणाले, "राहू दे तोवर. यंत्राला आकडा धरून ठेवता येतो का, तेही कळेल." जेवणावर गप्पा झाल्या, वारा छान सुटला होता, ऊन रणरणत होतं. परत येऊन त्यांनी दुसरं माप ओतलं.

करवंटी उलटली नाही. काठोकाठ भरली, सांडली, पण जागची हलेना. सरांनी वाकून पाहिलं. काट्याभोवती, भोकाच्या कडेने पांढरं मीठ धरलं होतं. घट्ट बसलं होतं, चुन्याने लिंपावं तसं.

बाय हात पुसत मागून आली होती. तिने पाहिलं, सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा बांध फुटला. "आगो बाय," ती हसत हसत खालीच बसली, "मिठागराचा पोर तू, आन मीठच इसरलास?" मला वाटलं, आता सर मोडून पडणार. पण त्यांचा खालचा ओठ हलायला लागला आणि तेही हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती दोघं मायलेकरं बांधावर बसून हसत होती आणि मी मध्ये उभी होते.

त्यानंतर पहिल्या कोंडीतलं पातळ पाणी घ्यायचं ठरलं. पण आता दुसरी अडचण पुढे आली, आणि ती मिठाहून वाईट होती. सरांना माप ओतता येईना. हात इतका हले की निम्मं पाणी बाहेर. मी म्हटलं, "सर, मी ओतते ना." त्यांनी मान हलवली. "नाही चालणार. तुम्हीही माणसांनीच केलेल्या." चेष्टाच केली त्यांनी, पण ती करताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकून ऐकावी लागली. त्या दुखण्यात आवाजही जातो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या दिवशी परत येताना मला फार वाईट वाटलं. एवढं सगळं करून माणूस शेवटच्या वीतभर अंतरावर अडावा, आणि तेही पाणी ओतण्यासारख्या गोष्टीवर. पण सर हरले नव्हते. मिठागराच्या चिकट मातीची त्यांनी दोन लहान बोळकी केली. करताना किती मोडली, भाजताना किती तडकली, ते बायलाच माहीत. ती बोळकी त्यांनी उघाडीतून येणाऱ्या पाटाच्या तोंडाशी अशी बसवली की भरती आली की आपोआप भरतील आणि जास्तीचं पाणी काठावरून वाहून जाईल. मोजायचं काम हाताकडून काढून त्यांनी बोळक्याच्या काठाला देऊन टाकलं. प्रत्येकाच्या तळाला भोक आणि त्यात लाकडाची खुंटी. ती फक्त ओढायची, की माप करवंटीत. हात थरथरला तरी खुंटी निघतेच. "उलट थरथरला तर लवकर निघते," सर म्हणाले.

एप्रिलमध्ये मी त्यांना शेवटची भेटले. चालणं अगदी बारीक पावलांचं झालं होतं. सगळं बसवून तयार होतं, फक्त अमावस्येच्या उधाणाची वाट होती, कारण तेवढं पाणी चढल्याशिवाय पाटाला ओढ लागत नव्हती. ते खूश होते, पण एक गोष्ट त्यांना सलत होती. "याला मेमरी नाही, बाई," ते म्हणाले. "समजा झाले दोन. दुसऱ्या दिवशी कुणी आलं तर त्याला काय दिसणार? ऊन सगळं उत्तर पिऊन टाकणार. लक्षात राहत नसेल तर बेरीज केली कशाला म्हणायची?" मी म्हटलं, "आम्ही ठेवू की लक्षात." ते हसले, पण ते उत्तर त्यांना पटलं नाही हे दिसत होतं.

मे महिन्यात मी चौलला होते. दुपारी मागच्या पडवीत आम्ही फणस फोडत बसलो होतो, हाताला तेल, कोपरापर्यंत चीक. फोन वाजला तो मी कसाबसा खांद्याने कानाशी धरला. पलीकडे नुसता वारा होता. मिठागरावरचा वारा मी ओळखला. मग अगदी खोलवरून, पाण्याखालून यावा तसा आवाज आला, "बाई."

"बोला सर."

मग एकच शब्द आला, पण कसा आला. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एवढं भरलेलं मी काही ऐकलं नव्हतं.

"दोन."

मी फणस तसाच टाकून उभी राहिले. "दोन झाले! अहो, दोन झाले!" असं मी पडवीभर ओरडत सुटले. वहिनी घाबरून म्हणाल्या, "कुणाला?" मी त्यांना काय सांगणार? मी चिकाच्या हातांनी डोळे पुसले आणि ते दिवसभर चुरचुरत राहिले.

चारच दिवसांनी शाळेतल्या सहकाऱ्याचा फोन आला. सर दुपारचे जेवून ओटीवर आडवे झाले, ते पुन्हा उठले नाहीत.

रेवसहून करंजाच्या लाँचने मी गेले. खाडीवर वारा पडलेला, पाणी तेलासारखं संथ, आणि पलीकडचा किनारा हवेत तरंगल्यासारखा. बाय ओटीवर बसली होती. मला पाहून ती रडली नाही. तिने मला पाणी दिलं आणि मीही ते मुकाट्याने प्यायले. मग तीच बोलली. "त्यानी सोताच खुटी ओढली. एक ओढली, मंग दुसरी ओढली. ती करवंटी भुईला लागल यवरी वाकली. मना बोलला, आये बग." मग ती म्हणाली, "मी काय शिकलेली नाय. पन येकान येक घातला आन दोन झाला, यवरं मना कलतं. कवरा हसला त्या दिवशी. लहान व्हता तवा हसाचा तसा."

मग ती उठली आणि मला बांधाकडे घेऊन गेली. यंत्र तिथेच होतं. त्याच्यावर तिने मोठी टोपली पालथी घातली होती आणि टोपलीवर, वाऱ्याने उडू नये म्हणून, ते लोखंडाचं ढेकूळ. "धुवाला घेतलं व्हतं," ती म्हणाली, "पन माझा हात नाय झाला." तिने टोपली उचलली.

वरची एकाची करवंटी कोरडी होती, काळीभोर, आत काही नाही. खालच्या दोनाच्या करवंटीत, आमच्या जुन्या माडाच्या त्या करवंटीत, तळाला पांढरंशुभ्र मीठ बसलं होतं. बारीक चौकोनी खडे, उन्हात चमकणारे. कुठेही एक थेंब पाणी नव्हतं. ऊन आलं होतं आणि पाणी पिऊन गेलं होतं, पण उत्तर जिथे होतं तिथेच होतं. वर शून्य, खाली दोन. ज्याला यंत्र वाचता येतं त्या कुणालाही ते वाचता आलं असतं.

ज्या मिठाने एकदा त्यांचं काम अडवलं होतं, तेच त्यांची बेरीज लक्षात ठेवून बसलं होतं. सरांनी ते पाहिलं होतं का? मी बायला विचारलं. ती म्हणाली, रोज सकाळी तिथे जाऊन बसायचा, पाणी आटताना बघायचा, काही बोलायचा नाही. शेवटच्या दिवशी जेवायला उशिरा आला. मला एवढं पुरे आहे. त्यांनी पाहिलं असणार, असं मी धरून चालले आहे, आणि मला कुणी खोटं ठरवू नये अशी माझी इच्छा आहे.

बायने वाकून करवंटीतले थोडे खडे नखाने सोडवले आणि माझ्या तळहातावर ठेवले, सरांनी पिन ठेवली होती तसे. "तुज्या करवंटीचा हाय," ती म्हणाली, "ने." बाकीचे तिने तसेच राहू दिले आणि टोपली पुन्हा पालथी घातली.

ते खडे मी एका लहान बाटलीत घालून स्वयंपाकघरात खिडकीच्या फळीवर ठेवले आहेत. घरातल्या माणसांना ताकीद आहे, ते आमटीत घालायचं नाही. समुद्राचं जाडं मीठ ते, पावसाळा आला की त्याला पाणी सुटतं. श्रावणापर्यंत बाटलीत खडे असे राहतच नाहीत, तळाशी नुसतं खारं पाणी दिसतं, आणि दरवर्षी मला वाटतं की गेलं, या वेळी सगळं गेलं. मग दसरा होतो, हवा कोरडी पडते आणि एखाद्या सकाळी चहा ठेवताना लक्षात येतं की काचेला कडेने पांढरं धरायला लागलंय. दिवाळीपर्यंत चौकोनी खडे पुन्हा बसलेले असतात. मी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरते, बघते आणि परत जागेवर ठेवते.